उद्याच लावायची आहेत!

जानेवारी म्हणजे आमच्या रोपवाटिकेत उसंतीचा महिना. पाणी मारायचं, पिशव्या भरून ठेवायच्या, गिऱ्हाईक आलंच तर कुंडीतलं शोभेचं झाड नाहीतर मिरचीची रोपं. कलमांना कोणी हात लावत नाही. त्यामुळे एक सत्तरीच्या बाई रिक्षातून उतरल्या आणि "हापूसची चांगली कलमं द्या भाऊ, उद्याच लावायची आहेत" म्हणाल्या, तेव्हा मी आधी पाण्याची चौकशी केली. विहीर? नाही. बोअर? नाही. राखणीला कोण? कोणी नाही. जागा भावाची, पेणजवळ, आणि भाऊ ठाण्याला.

"मग उद्याच का, मावशी?"

"उद्या 'तू बिश्वात' सण ना! झाडांचं नवीन वर्ष."

मराठी अगदी आमच्या अलिबागची, पण मावशी आल्या होत्या इस्राएलहून, लोद गावातून. लहानपण इथल्या इस्राएल आळीत गेलेलं. बेने इस्राएल, म्हणजे आमचे कोकणातले ज्यू लोक, आम्हाला नवखे नाहीत. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून त्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं इथलीच. पण त्यांच्या झाडांच्या सणाचं मला काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पंचांगातल्या शेवात महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे नेमकी पौर्णिमा. आपल्याकडे ती पौषात नाहीतर माघात पडते. 1890 साली तिकडच्या झिख्रोन याकोव गावच्या एका मास्तरांनी पोरांना घेऊन त्या दिवशी झाडं लावली, आणि पुढे शाळाशाळांतून ती रीतच पडली. मावशींची नातवंडंही लावतात.

आता तिकडे हे जमतं, कारण तिथला पाऊसच थंडीतला. जमीन ओली असते. आमच्याकडे ऑक्टोबरात आभाळ मिटलं की थेट जूनलाच उघडतं. जानेवारीत लावलेलं कलम पाण्यावाचून होळीसुद्धा बघत नाही. आपला वनमहोत्सव 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसवला, तो काय उगीच? मी स्पष्टच सांगितलं, पैसे घेऊन कलमं मारायला देणार नाही. गल्ला रिकामा असताना असं बोलायला जिवावर येतं, पण बोललो.

मावशी रागावल्या नाहीत. कलमांच्या रांगेत हिंडू लागल्या. एका हातभर कलमाला मोहोर आला होता, तो मी बोलता बोलता खुडून टाकला.

"हे का?"

"पहिली तीन वर्षं फळ धरू द्यायचं नाही. झाड फळातच दमतं, अंग धरत नाही."

त्या थबकल्याच. म्हणाल्या, "आमच्या तोरा या धर्मग्रंथातही हेच आहे. तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्याचं देवाचं, पाचव्यापासून आपलं." तू बिश्वात मुळात आहे तो याच हिशेबासाठी: झाडाचं वय मोजायचा दिवस. लागवड रोश हशाना, म्हणजे त्यांच्या सप्टेंबरच्या आसपासच्या नववर्षाच्या किमान 44 दिवस आधी झाली, तर तेवढ्यावर एक वर्ष पूर्ण धरतात. त्या 44 मधले 14 दिवस मुळं धरायला सोडलेले. हा नियम ज्यानं केला त्याने स्वतः झाडं लावली असणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

मग मावशींनीच बोटं मोजली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर सप्टेंबरात एक वर्ष पदरात! आज लावण्यापेक्षा नुकसान काहीच नाही. सौदा तिथेच ठरला. कलमं माझ्याकडे राहतील, पाऊस लागला की भाचा नेईल.

संध्याकाळी मला मलिद्याला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या प्रसादाला बोलावलं, भावाच्या नातलगांकडे. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा, आणि कडेने फळं रचलेली. एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेतात, अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याचा टापा, म्हणजे त्याच्या नावाने मानलेली जागा आहे, तिथेही याच दिवशी लोक जातात. प्रार्थना म्हणताना झाडाच्या फळांची वेगळी आणि केळ्याची वेगळी, कारण केळ हे झाड नव्हे, जमिनीतून येणारं पीक. वनस्पतिशास्त्र तेच सांगतं, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं ते ऐकून घेत नाहीत. मी दोनदा मलिदा घेतला.

जुलैत भाचा टेम्पो घेऊन आला. शेणखत, आळं, वाऱ्याला आधाराची काठी, सगळं समजावून दिलं. पुढच्याच वर्षी मोहोर आला. पोराला खुडवेना, मला फोन: "काका, एक फांदी तरी ठेवू का?" मी नाही म्हणालो. तासाभरात लोदहून फोन. मावशी विचारत होत्या, खुडला ना? पोराचं त्यांना खरं वाटत नव्हतं. त्यांना फोटो हवा होता, आणि तो मी जाऊन काढायचा होता.