वाकलेल्या पिना आणि जुनी केबल
आज दुरुस्तीला आलेला मदरबोर्ड भिंगाखाली धरला, तर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या कोपऱ्यात चार पिना आडव्या. एलजीए १७०० या इंटेलच्या सॉकेटमध्ये १७०० पिना असतात आणि त्या बोर्डावर, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर तिरका टेकला किंवा हातातून सुटला की संपलं. मेमरीच्या वाटेवरची पिन वाकली तर मशीन चालू होऊनही रॅमचे काही स्लॉट दिसत नाहीत, आणि माणूस रॅम बदलत बसतो! सोनेरी त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढू नका, प्रोसेसर अडकवणारा लिव्हर लावताना ते आपोआप निघतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये उलटं, पिना प्रोसेसरला. कूलर सरळ वर ओढला तर कूलर आणि प्रोसेसरमधल्या घट्ट झालेल्या थर्मल पेस्टमुळे लिव्हर लावलेला असूनही प्रोसेसर उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

सगळ्यात महागात पडते मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, पॉवर सप्लायची जुनी केबल. नव्यात बसते म्हणून लोक लावतात. पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नसते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क बटण दाबताक्षणी जाते. सप्लाय बदलला की केबलीही बदलायच्या, सगळ्या.

आणि हो, ज्या पितळी स्टँडऑफवर (बोर्ड केसपासून उचलून धरणारा छोटा खांब) बोर्डाचं भोक येत नाही तो केसमधून काढून ठेवा, मागून शॉर्ट करतो.