कलप आणि साडेनऊ मिनिटं

परवा दुपारी डोक्याला कलप फासून बसले होते. मानेभोवती जुना टॉवेल, कपाळाला कडेकडेने व्हॅसलीन, पाकिटावर लिहिलेलं अर्धा तास थांबा. मी घड्याळबिड्याळ लावत नाही, बाउहाउस या गॉथ बँडचं (गॉथ म्हणजे काळे कपडे, काळं काजळ आणि मरणाबिरणाची अंधारी रॉक गाणी) 'बेला लुगोसीज डेड' तीनदा लावते; बेला लुगोसी म्हणजे जुन्या सिनेमातला ड्रॅक्युला. साडेनऊ मिनिटांच्या जरा वरच जातं ते, तीनदा म्हणजे झालाच की अर्धा तास. १९७९ साली पहिलीवहिली सिंगल काढायची आणि ती एवढी लांब, त्यात अडीच मिनिटं उलटली तरी गायक तोंड उघडायला तयार नाही, नुसती ड्रमच्या कडेवरची टिकटिक, तिचा एको आणि पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली येणारा बेस. पूर्वी अंगावर काटा यायचा, आता डुलकी लागते. चांगली लागते.

गंमत म्हणजे विशीतही मी हाच रंग लावायचे, मढ्यासारखं दिसावं म्हणून. आता लोकांना वाटतं बाईची तरुण दिसायची धडपड चाललीये. अहो नाही हो! पण सांगणार कोणाला आणि कुठून सुरुवात करणार. आयलायनरचंही तेच, पापणीला सुरकुत्या पडल्यात, रेघ सरळ जातच नाही, डोळा मिटला की वरच्या पापणीवर तिचा छापा उठतो. विशीत मुद्दाम फिसकटवायचो ते आता आपोआप होतं.

हे गॉथचं खूळ कुठून आलं म्हणाल तर सेलमधून. लहानपणी टेपरेकॉर्डरचे सेल उतरायला लागले की गाणं जड व्हायचं, बाईचा आवाज बाप्याचा व्हायचा, लग्नाचं गाणंसुद्धा कोणीतरी गेल्यासारखं वाजायचं. घरातले ओरडायचे, अगं सेल बदल. मी पालथी पडून स्पीकरच्या जाळीला कान चिकटवलेला, गालावर जाळीची नक्षी. मग मी उतरलेले सेल टाकायच्या ऐवजी कंपासपेटीत लपवून ठेवायला लागले आणि कोणी नसलं की तेच परत घालायचे. त्यामुळे पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडच्या अँड्र्यू एल्ड्रिचचा खर्जातला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा पहिला विचार हाच आला की अरे, याचे सेल उतरलेत!

त्यांचा 'फ्लडलँड' अल्बम (१९८७) अजून तसाच आवडतो. त्या बँडमध्ये माणसं आली, भांडली, गेली, टिकले दोघंच, एल्ड्रिच आणि डॉक्टर अव्हलांश नावाचं ड्रम मशीन. मशीनचं बरं असतं, गुडघे दुखत नाहीत, मॉडेल बदललं की झालं. १९९० नंतर त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम नाही, पण माझी काही तक्रार नाही, जुनेच पुरतात. निऑन रंगाच्या नळ्या केसांत घालून धडाधड नाचायचं जे पुढे आलं ते मात्र मला कधीच झेपलं नाही. गॉथ हळू पाहिजे बाबा.

क्युअर या बँडचं वेगळं. विशीत त्यांचा 'पोर्नोग्राफी' अल्बम (१९८२), दिवे घालवून, अख्खा. आता 'डिसइंटिग्रेशन', आणि तोही भांडी घासताना. तो १९८९ मध्ये आला तेव्हा त्यांच्या गायकाला, रॉबर्ट स्मिथला, तिशी लागत होती आणि तिशी लागते म्हणून एवढा शोक! तेव्हा मला ते फार खोल वाटलं होतं, आता हसू येतं, लेकराला काय झालं होतं कोण जाणे.

मग २०२४ मध्ये, स्वतः पासष्टचा असताना, त्याने नवा अल्बम काढला. त्यात त्याचा भाऊ गेला त्यावरचं एक गाणं आहे.

तिसऱ्यांदा लावलेलं बेला लुगोसी केव्हाच संपलं होतं, मला डुलकी लागली होती, कानाची पाळी काळी झाली ती अजून तशीच आहे. तो मेलेला व्हॅम्पायर मी महिन्यातून तीनदा सहज ऐकते. भावाचं ते गाणं एकदाच ऐकलंय, परत लावायला हात होत नाही.