वर्धा रोडचे खांब, कागदावर नुसत्या पट्टीने

नागपूरच्या वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांची रांग दूर जाते तशी दाटत जाते. चित्रात बरेच जण प्रत्येक पुढचं अंतर निम्मं करतात. ते चूक आहे. बरोबर अंतरं पट्टीने काढता येतात. माप फक्त सुरुवातीला आणि शेवटी पडताळ्याला लागतं.

ए-4 कागद आडवा घ्या. चारही कोपरे टेपने चिकटवा. कूलरसमोर बसलात तर कागद दमट होऊन फुगतो. खाली एक रेघ मारून तिच्यावर पहिल्या दोन खांबांचे पाये अ (0 मिमी) आणि ब (40), आणि व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणारी रांग जिथे एका बिंदूत विरते ती जागा, व (120) या खुणा करा. ब च्या साधारण 90 मिमी वर प घ्या. पअ, पब, पव जोडा. आता व मधून एक तिरकी रेघ अशी काढा की ती पअ ला मध्याच्या आसपास आणि पब ला थ मध्ये छेदेल. अथ वाढवा, ती पव ला म मध्ये भेटेल. मब तिरक्या रेघेला जिथे छेदते तो द. पद खाली वाढवली की तिसऱ्या खांबाचा पाया मिळतो, क. मोजा: 60 मिमी. म तोच ठेवून मक पासून हेच पुन्हा करा. पुढचे पाये 72 आणि 80 वर येतात.

व पासून मोजलं तर 120, 80, 60, 48, 40. म्हणजे 240 ला 2, 3, 4, 5, 6 ने भागलेलं! निम्म्याची चूक तिसऱ्या अंतराला उघडी पडते: 40, 20 जुळतात, मग 10 ऐवजी 12 हवेत. शिवाय निम्मं करत गेलात तर रांग 80 लाच अडते, व पर्यंत पोचतच नाही.

प दुसरीकडे घेऊन बघा, क हलत नाही. यामागे फ्रेंच गणिती देझार्गचा सिद्धांत आहे; तो खोदचित्रकार अब्राहम बॉसने 1648 मध्ये छापला. प्रत्यक्षात क एखाद मिमी सरकला, तर बहुधा प फार खाली आहे किंवा तिरकी रेघ पायाच्या रेघेला चिकटून आहे. रेघा अरुंद कोनात छेदल्या की छेदनबिंदू नेमका कुठे ते कळत नाही. पेन्सिल 0.5 ची बरी.

मग मोबाइलवर काढलेला खांबांचा फोटो छापून त्यावर करा. अल्ट्रावाइड लेन्स नको, कडेच्या सरळ रेघा वाकतात. वळणावरचा किंवा खांबांमधलं अंतर बदलणारा भागही टाळा. तिथे रचना बरोबर असूनही खांब चुकीच्या जागी दिसेल.