बोटीतला संडास आणि खोबरेल तेल

बोट घेतली म्हटल्यावर लोक विचारतात शीड केवढं, इंजिन कितीचं, आत झोपता येतं का. संडासाचं कोणी विचारत नाही, आणि खरं सांगू का, आमचे निम्मे रविवार त्याच्यातच जातात. मी आणि दादा (चुलतभाऊ) मिळून घेतलेली जुनी २६ फुटी शिडाची बोट जयगडच्या खाडीत नांगरलेली असते, तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीतनं दिसते बघा ती पांढरी. नाळेकडे (म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला) एका पातळ दाराआड संडास, हातपंपाचा. हँडल वरखाली करायचं, समुद्राचं पाणी आत येतं आणि घाण बाहेर जाते. खाडीत असताना आम्ही तो वापरत नाही, पलीकडे बायका कालवं काढत असतात, तिथे हे कसं करणार? किनाऱ्यावर येतो गुपचूप.

तर पावसाळ्यानंतरची पहिली फेरी, जयगडचा दीपस्तंभ मागे पडलेला, वहिनी आत गेली आणि पाच मिनिटांनी आतनं आवाज, "अहो, हे हलतच नाहीये!" दादा गेला, मी गेलो, दोघांनी जोर लावला तर हँडल कुईंऽऽक करून अर्धं खाली आलं आणि तिथेच बसलं. दादाने कुठेतरी वाचलेलं की संडासाच्या भांड्यात खायचं तेल ओतायचं. बोटीवर खायचं तेल कुठलं, वहिनीच्या बॅगेत केसांना लावायचं खोबरेल होतं, तेच ओतलं दोन झाकणं. आणि चाललं की! लोण्यासारखं. दादा दिवसभर छाती पुढे काढून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत कुईंक. परत तेल, परत एक दिवस बरं. असं आम्ही डिसेंबरपर्यंत रेटलं, मग एका पहाटे बघतो तर बाटलीतलं तेल थिजून पांढरंफेक, वितळवायला स्टोव्हवर ठेवायची वेळ. २४ अंशांच्या खाली खोबरेल घट्ट होतं हे आईला विचारलं असतं तरी कळलं असतं म्हणा.

शेवटी पंप उघडलाच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिस्टनच्या वरच्या अंगाने समुद्राचं पाणी ओढलं जातं आणि खालच्या अंगाने घाण ढकलली जाते. भांड्यात ओतलेलं तेल जातं खालच्या अंगाला, तेही चारदोन फ्लशमध्ये धुऊन समुद्रात. वरच्या अंगाला बिचारं नुसतं खारं पाणी. पिस्टनला एक रबरी ओ-रिंग असते, ती प्लास्टिकच्या नळकांड्यात घासत वरखाली होते, तिच्यावरचं मूळचं ग्रीस गेलं की कोरडं रबर प्लास्टिकला चिकटतं आणि हँडल जड. म्हणजे वरनं तेल ओतणं हे दुखण्यावर नुसतं बाम चोळणं.

आता वर्षातनं एकदा, बोट पाण्यात उतरवायच्या आधी, नीट करतो. घाईने पाण्यातच करायचं झालं तर आधी तळाचे दोन्ही कॉक बंद, येणारा आणि जाणारा, आणि बंद केलेत ते दोघांनी बघायचं. कारण भांडं पाण्याच्या पातळीखाली असतं आणि या एका विसरण्याने बोटी बुडाल्यात. मग खाली जुनं धोतर पसरायचं (काहीतरी सांडणार म्हणजे सांडणारच), वरचे स्क्रू साध्या हातातल्या पेचकसाने सोडवायचे, पिस्टन वर ओढून काढायचा. आमच्या नळकांड्याच्या आत पांढरट खरखरीत थर बसलेला, नखाने खरवडला तर वाळूसारखा निघाला. तो पुसून, ओ-रिंगला आणि नळकांड्याच्या भिंतीला सिलिकॉनचं ग्रीस बोटाने पातळ लावायचं. गॅरेजमधलं पिवळं ग्रीस नको, पेट्रोलियमच्या ग्रीसने काही रबरं फुगतात. स्क्रू परत लावताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, मी पहिल्यांदा ताकद दाखवली आणि प्लास्टिकचे आटे गेले, दादाने आठवडाभर ऐकवलं.

आणखी एक, जड हँडल सगळं सारखं नसतं. दोन्हीकडे कुरकुरतंय तर कोरडं पडलंय. खाली दाबताना स्प्रिंगसारखं उलटं येतंय तर पुढे तुंबलंय, तिथे जोर लावायचा नाही, नाहीतर कुठलातरी पाईप सुटेल आणि मग तुम्ही आणि तुमचं नशीब. पिस्टनच्या दांड्याभोवती पाणी झिरपतंय तर तिथलं सील गेलं. फ्लश केल्यावर घाण पाणी हळूहळू भांड्यात परत येतंय तर जोकर व्हॉल्व (एकतर्फी झडप) गेला, बदकाच्या चोचीसारखा रबरी असतो तो, चोच मिटत नाही झाली की बदलायचा. घरचं संडासाचं अ‍ॅसिड यातल्या कशालाच मानवत नाही.

तो पांढरा थर म्हणजे लघवी आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम यांचं लग्न. आमचा बाहेर जाणारा पाईप ३८ मिलिमीटरचा, त्यात मीटरला लिटरभर पाणी बसतं, पाईप आहे अडीच मीटर, म्हणजे तीन लिटर ढकलल्याशिवाय आतलं बाहेर जात नाही. आम्ही चार वेळा हँडल मारून "झालं" म्हणायचो, बाकी सगळं पाईपात बसून दगड व्हायचं. आता बादलीने मोजून ठरवलंय, वीस वेळा हँडल, वहिनी मोठ्याने मोजते, दाराबाहेर सगळ्यांना ऐकू येतं.

थर विरघळवायला रात्रभर पांढरं व्हिनेगर सोडून ठेवतो. होडीवाले काका बघत होते, म्हणाले, "त्यापेक्षा कोकमाचं आगळ घाल की रे, तांब्याची कळशी कशी लखलखते." म्हटलं काका, आगळ मिठाचं असतं आणि ते सोलकढीला पुरत नाही. त्यावर ते हसत म्हणाले, "आमच्या होडीला बरंय, अख्खा दर्याच संडास."

बोट पंधरा दिवस सोडून जाणार असलो तर गोडं पाणी खेचून पाईप धुऊन ठेवतो, नाहीतर आत अडकलेलं समुद्राचं पाणी सडतं आणि परत आल्यावर कुजक्या अंड्याचा वास. परवा निघताना वहिनीने एका बोटाने हँडल खाली केलं, परत वर केलं, काही बोलली नाही, नुसती खोबरेलची बाटली उचलून आपल्या बॅगेत टाकली.