ग्रीन नदीत कॅनूने: लॅबिरिंथ कॅन्यनची फील्ड ट्रिप

युटा राज्यातल्या ग्रीन नदीचा लॅबिरिंथ कॅन्यन हा टप्पा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावाच, आणि तो कॅनूनेच करावा. इथे कुठेही खळाळ नाही. पाणी संथ आणि गढूळ, दोन्ही बाजूंना उभे कडे. राफ्ट भरभक्कम असते खरी, पण वाटेत दिसलेल्या प्रत्येक थराशी तिला थांबवणं म्हणजे कटकट. कॅनू मात्र खडकाला हात लागेल इतकी जवळ नेता येते.

विद्यापीठाच्या आमच्या गटाने रुबी रँच ते मिनरल बॉटम असा सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग धरला होता. त्याच्याही वर, ग्रीन रिव्हर गावातून सुरुवात केली तर वाटेत क्रिस्टल गायझर लागतो. तेलाच्या शोधात खणलेल्या विहिरीतून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने थंड पाणी उसळतं आणि आजूबाजूला नारिंगी ट्रॅव्हर्टीन (पाण्यातल्या चुन्याचा खडक) साचतं. वेळ हाताशी असेल तर तिथूनच निघा.

इथली खरी गंमत अशी, की थर उत्तरेकडे हलकेच कललेले आहेत आणि नदी वाहते दक्षिणेकडे. त्यामुळे प्रवाहाबरोबर जसजसं खाली जावं, तसतसा जुना खडक पाण्यातून वर येतो. आधी नॅव्हाहो वालुकाश्म, म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. त्यातले मोठमोठे तिरपे थर नदीच्या मधोमध बसूनही दिसतात. त्याच्या खालून कायेंटाचे पायऱ्या-पायऱ्यांचे थर डोकावतात, मग विंगेटचा सलग तांबूस-काळा कडा, आणि ‘हे जो’ (Hey Joe) नावाच्या कॅन्यनच्या आसपास चिन्लीचे रंगीत उतार. चिन्ली ट्रायासिक काळातला, वीस कोटी वर्षांहून जुना. युरेनियमच्या शोधाच्या काळातल्या खाणी आणि गंजलेली यंत्रं तिथे अजून पडून आहेत. यंत्रं बाहेरून बघा, बोगद्यात शिरू नका. आत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू साठलेला असू शकतो, आणि छताचाही भरवसा नाही.

नोंदी ठेवायची पद्धत आधी ठरवा. कॅनूत पुढे बसलेल्याने लिहायचं, मागच्याने नाव सांभाळायची, आणि दर थोड्या वेळाने जागा बदलायच्या. जलरोधक वही आणि पेन्सिल घ्या. शाई टिकत नाही. नदीच्या नकाशावरचे मैल ग्रीन आणि कोलोरॅडोच्या संगमापासून वर मोजलेले आहेत. म्हणून खाली जाताना आकडा घटत जातो, याची सवय व्हायला वेळ लागतो. प्रत्येक नवा थर पाण्याच्या रेषेला कुठे लागला तो मैल टिपून ठेवा. संध्याकाळी ते सगळे बिंदू थरांच्या जाडीसह आलेखावर मांडले की थरांचा कल अंदाजे हाती येतो, क्लिनोमीटर (कल मोजायचं उपकरण) न लावता.

पण सगळा वेळ मान वर करून कडे बघण्यात घालवू नका. कायेंटा हा मुख्यतः जुन्या नद्यांनीच टाकलेला गाळ आहे, आणि तसाच गाळ आजची नदीही पायाशी टाकते आहे. आम्ही एका वाळूच्या दांड्यावर उतरलो आणि वल्ह्याच्या पात्याने वीतभर खोल चर खणला. ओल्या भिंतीत बोटभर जाडीच्या थरात एकाच दिशेला झुकलेल्या बारीक रेषा दिसल्या आणि त्यांच्यावर चिखलाचा चॉकलेटी पापुद्रा. काठावर कायेंटाचा एक ढासळलेला दगड होता. त्याच्या तुटलेल्या बाजूला हँडलेन्स लावली, तर तीच झुकाव घेतलेली रेष, तोच चिखलाचा पापुद्रा, फक्त दगड झालेला. वर्गातल्या कितीतरी स्लाइड्स यापुढे फिक्या.

असे दांडे आता कमी झाले आहेत. वरच्या अंगाला १९६४ मध्ये फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण झालं, वसंतातले मोठे पूर ओसरले, आणि टॅमरिस्कच्या झुडपांनी वाळू जखडून टाकली. पात्र त्यामुळे अरुंद झालं. मुक्कामाची जागा शोधतानाही हे जाणवतं: उतरायला मोकळा काठ मिळाला की फार चोखंदळपणा न करता घ्यावा. बाजूच्या घळीच्या तोंडाशी मात्र तंबू नको. दूर कुठेतरी पाऊस पडला तरी लोंढा येतो.

बोनॉट बेंडला नदी सुमारे अकरा-बारा किलोमीटरचा वळसा घेऊन जवळपास त्याच जागी परतते. मधली खडकाची मान जेमतेम चारशे मीटर रुंद. हे नाव ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांच्या १८६९ च्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने दिलं. मानेवर चढून जा, दोन्हीकडची नदी दिसते. पठार उचललं जात असताना नदी कापत कापत खाली गेली, तीही वळणं न मोडता. हे समजावून सांगायला याहून बरी जागा मला माहीत नाही. पुढे हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये सापळे लावून शिकार करणाऱ्या डेनिस ज्युलियनने १८३६ मध्ये कोरलेलं नाव आणि नावेचं चित्र आहे. बघा, पण त्याच्या शेजारी आपलं नाव नको.

ऋतूबद्दल मत विचाराल तर शरद ऋतू. पाणी कमी असतं, वल्हवावं जास्त लागतं, पण दांडे उघडे पडतात आणि डासांचा त्रास नसतो. निघण्याआधी ग्रीन रिव्हर गावाजवळच्या मापन केंद्राचा प्रवाह बघा. दुपारी अनेकदा समोरून वारा सुटतो, तेव्हा भल्या पहाटे निघा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून बरोबर न्या. नदीचं पाणी वापरायचं तर बादलीत तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, मग गाळा; नुसता फिल्टर लावलात तर गाळाने लगेच तुंबतो. काठावर उतरताना वल्ह्याने टोचून बघा, चिखल मांडीपर्यंत आत घेतो.

परवाना ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा लागतो. मिनरल बॉटमच्या खाली कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान सुरू होतं, त्याचा वेगळा. शौचपेटी आणि शेकोटीचं तसराळं सोबत असणं सक्तीचं आहे. खडक फोडायची हातोडी पिशवीतच राहू दे.

मिनरल बॉटमहून वर जाणारा घाटरस्ता कच्चा आहे. २०१० च्या पावसात तो वाहून गेला होता, नंतर पुन्हा बांधला. ओला असेल तर न्यायला येणारी गाडी खाली उतरूच शकत नाही, तेव्हा हाताशी एक जादा दिवस आणि त्या दिवसाचं पाणी ठेवा. रस्ता कोरडा असेल तर गाडीत फक्त सामान चढवा आणि घाट पायी चढा; मोएनकोपीपासून (चिन्लीच्याही खालचा थर) विंगेटपर्यंतचे थर, या वेळी जुन्याकडून नव्याकडे, रस्त्याच्या कडेलाच आहेत.