टस्कीगीत, मोटन फील्डच्या हँगरमध्ये

आपल्याकडे टस्कीगी म्हटलं की शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर. अटलांटाहून अलाबामात शिरेपर्यंत मी मुलांना त्याच्याच गोष्टी सांगत होते. पण यावेळी मला बघायचं होतं मोटन फील्ड. अमेरिकन लष्कराचे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक दुसऱ्या महायुद्धात विमान उडवायला शिकले ती ही जागा. हायवे सोडला की लगेच येते आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत.

पहिल्या हँगरमध्ये मुलं शिकाऊ स्टियरमन विमानाला चिकटली, मी पॅराशूटच्या विभागात रेंगाळले. एक लांबलचक टेबल. त्यावर पॅराशूट आडवं पसरायचं, दोऱ्या एकेक करून सारख्या करायच्या, कापडाच्या घड्या घालत ते पिशवीत बसवायचं. हे काम करणाऱ्यांत बायकाही होत्या. एखादी घडी चुकली तर वरचा मुलगा गेलाच. टस्कीगीने असे साधारण हजार वैमानिक तयार केले. 7 मार्च 1942 ला पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात पाचजण होते आणि त्यांत बेंजामिन डेव्हिस.

या माणसाबद्दल वाचून मी फार अस्वस्थ झाले. 1932 साली ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेले. तिथे चार वर्षं बाकीचे कॅडेट कामापुरतं सोडलं तर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. खोलीत एकटे, जेवायला एकटे. तरी 276 जणांत 35वे आले. हवाई दलासाठी अर्ज केला तर काळ्यांची तुकडीच नाही म्हणून नकार. फोर्ट बेनिंगच्या लष्करी तळावर नेमणूक झाली, पण तिथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात प्रवेश नाही.

इथे मला महार पलटणीची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपुरती पलटण उभारली आणि 1921 ला मोडून टाकली. महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती ऑक्टोबर 1941 मध्ये. टस्कीगीची 99वी स्क्वाड्रन, म्हणजे काळ्या वैमानिकांची तुकडी, तीही 1941 चीच, मार्चमधली. युद्ध गळ्याशी आल्यावरच दोन्ही सरकारांना ही माणसं आठवली.

आणि घेतल्यावर वागवलं कसं? टस्कीगीच्या लष्करी तळावरही आधीच्या कमांडरच्या काळात पाण्याच्या नळांवर आणि संडासांवर गोऱ्यांसाठी, काळ्यांसाठी अशा वेगवेगळ्या पाट्या होत्या. नोएल पॅरिश हे नवे कमांडर आले आणि त्या गेल्या. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इंडियानातल्या फ्रीमन फील्ड या हवाई तळाची गोष्ट. एप्रिल 1945. तळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब. काळ्या अधिकाऱ्यांना कागदोपत्री ‘प्रशिक्षणार्थी’ ठरवून दुसऱ्या क्लबात पाठवायची सोय केलेली. ते गटागटाने गोऱ्यांच्या क्लबात शिरले आणि अटक करून घेतली. मग हा नियम मान्य असल्याची सही मागितली, तर 101 जणांनी नाही म्हटलं. युद्ध चालू असताना वरिष्ठांचा हुकूम मोडणं म्हणजे लष्करी कायद्याने मृत्युदंडापर्यंत जाऊ शकणारा गुन्हा, हे माहीत असूनही. कोणी म्हणेल, एका क्लबासाठी एवढं? मला वाटतं, तिथेच खरी कसोटी होती. विमान एकट्याने उडवता येतं, पण शेजारी बसून जेवायला समोरच्याची तयारी लागते. त्यांच्यातल्या रॉजर टेरी या अधिकाऱ्याला क्लबात शिरतानाच्या धक्काबुक्कीबद्दल झालेली शिक्षा रद्द व्हायला 1995 उजाडलं.

1944 साली रूपर्ट ट्रिमिंगहॅम या काळ्या कॉर्पोरलने लष्कराच्या ‘यँक’ साप्ताहिकाला पत्र लिहिलं होतं. लुइझियानातल्या एका स्टेशनवर त्याला आणि सोबत्यांना मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन खावं लागलं, आणि पकडलेले जर्मन कैदी मात्र आत टेबलाशी बसून जेवले, हसत-खिदळत. हे मी मुलांना गाडीत सांगितलं तर धाकटीला खरंच वाटेना.

“पण 1948 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने लष्करातला हा भेदभाव संपवायचा हुकूम काढला ना? मग संपलं की,” नवरा म्हणाला. हुकूम निघाला, 26 जुलैला, 9981 नंबरचा. गणवेशातल्या आयझॅक वुडर्ड या सार्जंटला 1946 मध्ये साउथ कॅरोलिनात पोलीसप्रमुखाने मारून आंधळं केलं होतं, त्याने ट्रूमन हादरले होते. पण लष्कराने चालढकल केली. कोरियाच्या युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा कुठे पलटणी एकत्र झाल्या, आणि शेवटची निव्वळ काळ्यांची तुकडी मोडली 1954 ला. त्यानंतरही काळा सैनिक तळाच्या फाटकाबाहेर पडला की बायकामुलांसाठी भाड्याचं घर मिळता मिळत नसे. आत एकाच बराकीत झोपायचं आणि बाहेर घरासाठी दारोदार फिरायचं. त्यावर नुसती विनंती करून वर्षानुवर्षं काही हललं नाही. शेवटी 1967 मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी आधी मेरीलँडमधल्या तळांभोवती आदेश काढला: ज्या मालकाला काळा भाडेकरू चालत नाही, त्याच्याकडे यापुढे कुठल्याच सैनिकाने, गोऱ्यानेसुद्धा, नव्याने भाड्याने राहायचं नाही. भाडं बुडायला लागल्यावर मालक आपोआप तयार होऊ लागले.