उजनी एवढं जवळ, तरी…

मस्कतहून सुट्टीवर सोलापुरात आलोय. आज काकांना घेऊन जुन्या मिलकडून चक्कर मारली. १८७७ ची ती गिरणी आम्ही बंदच पाहिली. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा मात्र ऐकलाय. नव्वदच्या दशकात ती बंद पडली, पुढे नरसिंग गिरजी मिलचीही गत तीच. पूर्व भागात माग अजून खडखडतात, पण काकांच्या ओळखीतली पोरं सगळी हिंजवडीत. लग्न जुळवतानाही आधी विचारतात, "मुलगा पुण्यात आहे ना?"

घरी आलो तर वहिनी पिंपं, हंडे, कळशा, अगदी दुधाची पातेलीसुद्धा भरत होती. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही मोटर लावून ओढायचं. मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करून रोज नळाला येतं, हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग तिकडंच ऱ्हा की बे!"

चिडून नाही, मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं. दुष्काळाला दोष देता येतो, पण उजनी धरण भरलं तरी नळाचं वेळापत्रक तेच, याला काय म्हणायचं? आणि कुणी भांडतही नाही. टाकी मोठी बसवतात.

आम्हीपण बसवतोय. प्लंबर उद्या येतो म्हणालाय.